फेब्रुवारीचं पान

४ जानेवारी

आज आमच्या आकाशदर्शन मंडळानं मला संकलक नेमलं. नेमलं म्हणजे ड्रायव्हिंग मास्तरांनी माझं नाव सुचवलं, कंपाउंडरनं तोंडात बिस्किट असतानाच मान डोलावली आणि सासरेबुवा काहीच बोलले नाहीत. मंडळात आम्ही चौघंच, त्यामुळे हे प्रचंड बहुमत झालं.

काम असं आहे. गुरूचे चार मोठे चंद्र साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. मधे ग्रह आणि त्याच्या दोन्ही अंगांना, जवळजवळ एका आडव्या ओळीत, चार ठिपके. रोज त्यांच्या जागा बदलतात. आज दोन इकडे दोन तिकडे, उद्या तीन आणि एक. आकाश मोकळं असेल त्या प्रत्येक संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान चौघांनी आपापल्या गच्चीवरून बघायचं आणि वहीत एक गोल व चार ठिपके काढायचे. मार्चअखेर पुस्तिका छापायची. सासरेबुवा हे काम गेली पंचवीस वर्षं एकटे करत आले आहेत, तेव्हा पुस्तिका त्यांच्या पंचविशीची आणि मुखपृष्ठावर नाव त्यांचंच.

मी लगेच तीन नियम वाचून दाखवले. एक, आधी आकाश, मग तक्ता. (चंद्र कोणत्या दिवशी कुठे असणार याचा तक्ता कंपाउंडर दरवर्षी गणित करून काढतो. ट्रेसिंग कागदावर रेघा तो मारतो, तारखांचे आकडे आणि पूर्व-पश्चिम छापखान्यात बसवतात.) दोन, ज्याची वही त्याचाच डोळा. तीन, पश्चिम कुठली ते रोज ठरवून बाण काढायचा. त्याला सोपी युक्ती आहे: दुर्बीण हलवायची नाही, दोन मिनिटं थांबायचं. ग्रह ज्या बाजूनं दुर्बिणीच्या बाहेर निसटतो ती पश्चिम. दुर्बीण कसलीही असो, यात फरक पडत नाही.

शिक्षाही सांगून टाकली. ज्या वहीत न पाहिलेला एक जरी ठिपका सापडेल ती अख्खी वही बाद, पुस्तिकेत नाव नाही.

मास्तर म्हणाले, "अहो, हे म्हणजे लायसन्सच जप्त."

"तसंच समजा," मी म्हणालो. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. लोक दिसतं ते सांगत नाहीत, दिसायला हवं ते सांगतात. भिंतीवरच्या पाटीची शेवटची ओळ पाठ करून येणारे मी पाहिले आहेत. मला फसवणं सोपं नाही.

९ जानेवारी

सासरेबुवांकडे जाऊन आलो. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण कामाच्या टेबलावर आता चादर घातलेली. "कंटाळा आला, जावईबापू," म्हणाले. कंटाळा आणि यांना, ऐकून नवल वाटलं.

आणखी एक विक्षिप्तपणा. टेबलावरच्या घड्याळाची काच काढून टाकली आहे. म्हणे काचेवर धूळ फार बसते. मी म्हणालो, मग आता ती काट्यांवर बसेल. हसले आणि बोलता बोलता काट्यांवरून बोट फिरवत राहिले. जुनी सवय, दुसरं काय. कान मात्र अजून तिखट. जिन्यात माझं पाऊल वाजलं की मान न वळवता "या जावईबापू."

नवा चष्मा करून देतो म्हटलं, तर म्हणाले, "आहे तो बरा आहे. नव्या चष्म्यातून काय, माणसं तीच दिसणार." यांच्या जिभेपुढे कुणाचं चालत नाही.

बायको रोज संध्याकाळी तिथेच असते. ती रुग्णालयात एक्स-रे काढते. सहाला सुटली की वाटेत माहेर लागतं. त्यांना जेवायला वाढते, औषध देते आणि साडेआठनंतर घरी येते. एखादी बाई ठेवू या, असं मी दोनदा सुचवलं. "बाबांचं एक काम असतं, ते मलाच करावं लागतं," म्हणाली. माझी काही तक्रार नाही. जेवायला नऊ वाजतात, एवढंच.

१८ जानेवारी

पंधरा दिवसांच्या वह्या तपासल्या. आपल्या तोंडानं सांगू नये, पण माझी सगळ्यांत चांगली. मास्तरांचे ठिपके वाटाण्याएवढे. कंपाउंडरची वही औषधाच्या चिठ्ठीसारखी, त्याची त्यालाच लागते. सासरेबुवांच्या वहीनं मात्र थक्क केलं. शहात्तराव्या वर्षी इतके बारीक, सारखे ठिपके. गेल्या वर्षीच्या वहीत हात थरथरलेला दिसतो, यंदा कंप औषधालाही नाही. शिवाय रोज कोपऱ्यात बाण आणि बारीक 'प'. तिसरा नियम अक्षरशः पाळणारे ते एकटेच.

मीही पाळतो. म्हणजे सुरुवातीला पाळला. रोज दोन मिनिटं मान वाकडी करून ग्रह निसटायची वाट बघायची, तीही थंडीत, आणि पश्चिम काही रोज बदलत नाही.

प्रामाणिकपणे हेही लिहितो, की आज गिऱ्हाईक उठेना, घरी यायला पावणेआठ झाले, म्हणून गच्चीवर जाताना तक्ता आधी पाहिला. कोणता चंद्र कोणता, तेवढं कळावं म्हणून. ओळख करून घेणं वेगळं, नक्कल करणं वेगळं.

२४ जानेवारी

बायको आली तर उजव्या डोळ्याभोवती गोल वळ. विचारलं. म्हणाली, दिवसभर फिल्म बघून डोळे चोळले. मी ताबडतोब थेंब काढून दिले. "तुमच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही," ती म्हणाली. धंदाच आहे आपला.

जेवताना सहज म्हणाली, "आज तिसरा चंद्र ग्रहाला अगदी चिकटला होता, नाही?"

मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो.

"बाबा म्हणत होते," ती म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

३१ जानेवारी

दुर्बिणीला नवं काटकोनी प्रिझम बसवलं. आता मान वर करून मोडायला नको. खाली बघून आकाश दिसतं, विहिरीत डोकावल्यासारखं. भिंगाची दुर्बीण मी स्वतः जोडलेली आहे, प्रिझमही स्वतःच बसवलं. मास्तरांना हेवा वाटणार हे नक्की.

१ फेब्रुवारी

आज गंमत झाली. दुर्बिणीत तीन चंद्र डावीकडे, एक उजवीकडे. तक्त्यात नेमकं उलट, एक डावीकडे, तीन उजवीकडे. क्षणभर चरकलो. मग कालचं प्रिझम आठवलं. प्रिझम उलटं दाखवतं हे आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. वहीत डावं-उजवं बदलून काढलं आणि तक्त्याशी तंतोतंत जुळलं.

म्हणजे आज दिसलं त्याच्या उलट काढलं, पण बरोबर काढलं. यंत्र समजून घेतलं की असा फायदा होतो.

५ फेब्रुवारी

मास्तर चष्म्याचा स्क्रू आवळायला दुकानात आले. मी प्रिझमचं सांगितलं तर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "माझंही एक तारखेपासून उलटं दिसतंय. मी म्हटलं, आपलंच डोकं फिरलं."

"तुमच्याकडे कुठे प्रिझम?"

"प्रिझम नाही, पण आरसा आहे ना. गेल्या आठवड्यात काढून धुतला. आरसाच तो, उलटं दाखवणारच."

हा माणूस तीस वर्षं लोकांना डावं-उजवं शिकवतोय, त्याच्या म्हणण्याला वजन आहे. कंपाउंडरला फोन लावला. तोही उलटं करूनच काढतोय. "तक्ता मी केलाय. दोनदा ताडून बघितलाय," म्हणाला. "मी बहुतेक दुर्बिणीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहत असेन."

तिघांची तीन कारणं, पण उत्तर एक. यापेक्षा भक्कम पुरावा कुठला असणार?

११ फेब्रुवारी

सासरेबुवांची वही आली आणि माझा चेहरा पडला.

एक तारखेपासून रोजचं पान उलटं. आम्हा तिघांचे जे ठिपके उजवीकडे, ते यांचे डावीकडे. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दहाच्या दहा. जानेवारीत एकही चूक नव्हती. यांच्याकडे ना नवं प्रिझम, ना धुतलेला आरसा. मग उरतं काय? वय. पंचवीस वर्षं चालवलेलं माणसाचं घड्याळ आता उलटं फिरायला लागलं. वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

माझ्या नियमाप्रमाणे ही वही बाद. म्हणजे ज्यांच्या नावानं पुस्तिका काढायची त्यांचंच नाव गाळायचं, आणि गाळणार कोण, तर जावई.

बायको पांढरा कोट इस्त्री करत होती. मी हळूच सांगितलं, "बाबांना हल्ली डावं-उजवं समजेनासं झालंय."

तिची इस्त्री थांबली. "बाबांना?"

"एकीकडे तीन वह्या, एकीकडे एक. तूच सांग."

"तीन वह्या कशावरून बरोबर?"

"तक्त्याशी जुळतात."

"आणि आकाशाशी?" तिनं विचारलं. कोटाची बाही जळायला आली होती म्हणून विषय तिथेच राहिला. बापाची बाजू मुलगी घेणारच, त्यात गैर काही नाही.

१५ फेब्रुवारी

स्वतः जाऊन आलो. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण मला ते जमत नाही. "बाबा, तुमचा डावा हात कुठला?"

त्यांनी डावा हात वर केला. "हा. आणि हा उजवा. शाळेत घालताय का मला?"

"फेब्रुवारीची पानं उलटी आहेत तुमची."

त्यांनी टेबलावरच्या घड्याळाच्या काट्यांवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "वहीत आहे तेच आकाशात आहे, जावईबापू."

"आम्ही तिघं रोज बघतोय."

"बघताय, पण कसं बघताय?"

कपाकडे हात नेताना बशीला धक्का लागला, चहा सांडला. माझ्या बोलण्यानं दुखावले असणार, हात कापला. मला अपराधी वाटलं. पण खरं ते खरं, त्याला माझा इलाज नाही.

२० फेब्रुवारी

मास्तर म्हणाले, "घरचंच माणूस आहे, सांभाळून घ्या. ठिपके इकडचे तिकडे केले तर कुणाला कळणार आहे?" कंपाउंडरचंही तेच मत. वही बाद करायची हिंमत मला होईना आणि चुकीची छापायचीही होईना. शेवटी लाल पेन्सिल घेतली आणि एकोणीस पानं सरळ केली. खाली 'दुरुस्त' असं लिहिलं, म्हणजे लपवाछपवी नको.

बायको नेमकी मागे उभी होती. आरडाओरडा करणाऱ्यांतली ती नाही. तिनं वही उचलली, एकेक पान उलटून पाहिलं, मिटली आणि पिशवीत घातली.

"उद्यापासून संध्याकाळचं जेवण तुमचं तुम्ही बघा," म्हणाली. "मी उशिरा येईन. आणि ही वही आता माझ्याकडे राहील."

"अगं, बाबांचं नाव राहावं म्हणूनच केलं ना मी?"

"माहीत आहे. म्हणून तर जास्त राग आलाय."

यातलं मला काही कळलं नाही. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच.

१ मार्च

तक्त्याचं पान उलटलं, गच्चीवर गेलो, डोळा लावला. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, पण लांबचा चौथा डावीकडे. तक्त्यातही डावीकडे. उलटं करावंच लागलं नाही. प्रिझम रुळलं असावं.

मास्तरांना फोन केला. त्यांचाही आरसा आजपासून सरळ.

सासरेबुवांना फोन केला. "चौथा आज कुठे?"

पलीकडे कुणाशी तरी पुटपुटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "डावीकडे."

म्हणजे तेही सुधारले. माझं बोलणं मनावर घेतलेलं दिसतं. शहाण्याला शब्दाचा मार.

नंतर लिहितो: पाऊण तास झोप येत नाही. माझं प्रिझम, मास्तरांचा आरसा आणि कंपाउंडरची उभं राहायची बाजू, तिन्ही एकाच तारखेला बिघडली आणि एकाच तारखेला दुरुस्त झाली. महिना संपला हे प्रिझमला कुणी सांगितलं?

२ मार्च

आज घडलं ते जसंच्या तसं लिहितो. स्वतःला सवलत देत नाही.

दुकान अर्धा तास आधी बंद केलं. प्रिझम काढून नुसतं बघितलं, परत बसवून बघितलं. चार ठिपके जागच्या जागी. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. दुर्बिणीचं भिंग मुळात वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही उलटं करतं. प्रिझम त्यातलं वर-खाली तेवढं सरळ करतं, डाव्या-उजव्याला हातही लावत नाही. आडव्या ओळीतल्या चार ठिपक्यांना वर-खालीनं काय फरक पडणार? बावीस वर्षं भिंगं विकणाऱ्या माणसानं महिनाभर या कारणावर विश्वास ठेवला, कारण त्यानं तक्ता बरोबर ठरत होता.

तडक सासरवाडीला गेलो. जिना चढताना पहिल्यांदाच "या जावईबापू" ऐकू आलं नाही. दोघं गच्चीवर होते. सासरेबुवा स्टुलावर, हातात वही नाही, पेन्सिल नाही. दुर्बिणीला डोळा लावून बायको.

"सुटला का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. काठाला आलाय. आता सुटला. डाव्या बाजूनं."

"मग डावी पश्चिम. आता सांग."

"पश्चिमेला एकटा चौथा, लांब. पूर्वेला तिघं. पहिला ग्रहापासून त्याच्या रुंदीच्या दुपटीवर. थांबा, दोनाहून थोडा जास्त."

"घाई नाही. नीट बघ."

तिनं बघितलं, मग गुडघ्यावरच्या वहीत ठिपके काढले, कोपऱ्यात बाण आणि 'प' काढला. त्यानंतर मी पायरीवर उभा असलेला तिला दिसलो. सासरेबुवांचं तोंड माझ्याकडेच होतं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी गेलेली.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. आज मी जिना आवाज न करता चढलो होतो.

बायकोनं काही समजावून सांगायच्या आधी तक्त्याचं फेब्रुवारीचं पान मागितलं. माझ्या खिशात होतं. तिनं ते जिन्यातल्या दिव्यासमोर धरलं, मागची बाजू पुढे करून. कागदातून रेघा आरपार दिसत होत्या. शेजारी वहीची पानं एकेक करून धरली. ठिपक्याला ठिपका जुळला, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस.

"ट्रेसिंग उलटं ठेवलं छापखान्यानं," ती म्हणाली. "आकडे नंतर बसवले, म्हणून ते सरळ आले. आमच्याकडे फिल्म उलटी लावली की माणसाचं हृदय उजवीकडे दिसतं. म्हणून आम्ही प्रत्येक फिल्मवर आधी शिशाचं अक्षर ठेवतो, डावं कुठलं ते. ते नसलं तर डॉक्टरसुद्धा फसतात, आणि मग पेशंटलाच उलटा समजतात."

"मला सांगायचं नाहीस?"

"वीस तारखेपर्यंत मला वाटत होतं, आज ना उद्या तुम्ही दोन मिनिटं थांबून बघाल. मग लाल पेन्सिल पाहिली."

मी पायरीवरच बसलो.

३ मार्च

सासरेबुवांना दुकानात आणलं. रस्त्यात त्यांनी माझं कोपर धरलं होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांनी माझा हात धरल्याचं आठवत नाही.

खुर्चीत बसवलं. "समोरच्या पाटीवरची सगळ्यांत मोठी ओळ वाचा."

"पाटी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. गिऱ्हाईक बाहेर बसलं होतं, तरी आलं. काच काढलेलं घड्याळ, चादर घातलेलं टेबल, सांडलेला चहा, सगळं माझ्यासमोर होतं आणि मी त्या माणसाला डावा हात कुठला ते विचारून आलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका काळोखा असतो हे माहीत नव्हतं.

"सांगायचं होतंत, बाबा."

"सांगितलं असतं तर तुम्ही या खुर्चीत बसवलं असतं. आणि खुर्चीत बसलो की मला कळलं असतं," ते म्हणाले. "मागच्या ऑगस्टपासून पोरगी बघते. आधी वाटलं, महिनाभर बघेल, तोवर माझं सुधारेल. मग तिला माझ्यापेक्षा बरं दिसायला लागलं. अंधाऱ्या खोलीत काम केलेला डोळा आहे तिचा."

संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आलो. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय, तो निघेल. डाव्याचं त्यांनाही आत्ता सांगता येत नाही.

८ मार्च

बैठक झाली. संकलक म्हणून पहिल्यांदा मीच बोलायचं होतं.

फेब्रुवारीचं पान दिव्यासमोर धरून दाखवलं. कंपाउंडर उठून जवळ आला, परत गेला, परत आला. मास्तर बराच वेळ स्वतःच्या दोन हातांकडे बघत होते. मग मी माझी वही काढली आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. तक्ता आधी पाहिला. दिसलं त्याच्या उलट काढलं. दुसऱ्याची वही लाल केली. बाद.

"तुम्ही बाद तर आम्ही कसले पास," मास्तर म्हणाले आणि पेन मागितलं. कंपाउंडरला रेघ मारवेना. तक्ता त्याचा होता, गणित अचूक होतं, आणि त्याच गणितावर विसंबून त्यानं आकाश फिरवलं होतं. शेवटी त्यानं मारली आणि म्हणाला, "छापखान्याचा निदान प्रामाणिक घोटाळा होता."

राहिली एक वही. मी म्हणालो, "ही तेवढी खरी आहे. ही छापू, बाबांच्या नावानं."

"नाही," सासरेबुवा म्हणाले. "तुमचा दुसरा नियम काय होता? ज्याची वही त्याचाच डोळा. मारा रेघ माझ्या नावावर."

मी पेनला टोपण लावलं. त्यांनी स्वतः पेन मागितलं. माझं बोट धरून त्यांनी पेन वहीवरच्या नावापाशी टेकवलं, आणि आपल्या नावावरून रेघ ओढली. थोडी तिरकी गेली.

"पुस्तिकेत लिहा, चोवीस वर्षं आणि सात महिने. त्यापुढचं माझं नाही." मग बायकोकडे तोंड करून म्हणाले, "तू लिही आता."

बायको चहाचे कप गोळा करत होती. तिनं ते खाली ठेवले, हात पुसले आणि खोडलेल्या ओळीखाली आपलं नाव लिहिलं. मधे माझं नाव घातलं नाही, वडिलांचं घातलं. तिनं खाली ठेवलेले कप मी उचलले.

जाताना मास्तरांनी तिला विचारलं, "वहिनी, मंडळात येणार का? पाचव्या म्हणून?"

"पहिली म्हणून येईन," ती म्हणाली.

नवी संकलकही तीच. ठराव मी मांडला, कंपाउंडरनं या वेळी बिस्किट खाली ठेवून अनुमोदन दिलं. कालपर्यंतचं सगळं सोडून उद्यापासून सगळ्यांच्या नव्या वह्या, आणि त्यातली पानंही पुस्तिकेत जातील.

१० मार्च

पावणेआठला सासरवाडीच्या गच्चीवर, दोन दुर्बिणी शेजारी शेजारी. तक्ते सासरेबुवांच्या खिशात, ते खाली पलंगावर. परवा ऑपरेशन आहे, आणि त्यांना त्याची भीती वाटते असं आज पहिल्यांदा मोकळेपणानं म्हणाले.

मी दोन मिनिटं थांबलो. ग्रह सुटला, बाण काढला. मग ठिपके मोजले. तीन. डोळा पुसला, पुन्हा बघितलं, तरी तीन. चौथा ठिपका असणारच, चार असतात हे मला माहीत आहे. ग्रहाच्या कडेजवळ काहीतरी आहेसं वाटलं, पण वाटणं म्हणजे दिसणं नाही. पेन्सिल तिथवर गेली होती, ती मी परत घेतली.

"किती?" मी विचारलं.

"आधी तुमचं काढून होऊ द्या, मग सांगते."

माझं काढून झाल्यावर तिनं तिची वही दाखवली. चार होते. चौथा कडेला अगदी चिकटून, सुईच्या टोकाएवढा.

खाली जाऊन तक्ता पाहिला. चारच असायला हवे होते, आणि तिनं काढला होता तिथेच.

सासरेबुवांनी विचारलं, "तुमच्याकडे किती आले, जावईबापू?"

"तीन."

"मग तीन," ते म्हणाले.

माझ्या वहीत तीनच राहिले. संकलकबाईंनी खाली सही केली.